लव्हाळ्याच्या कुळातलं देशी झाड अंगणात लावायचंय (नागपूर): कोणतं आणि कशात?

अंगणवेल
त्रिमूर्तीनगरला आमचं तळमजल्याचं घर आहे. समोरच्या अंगणाचा एक कोपरा असा आहे की छपराचं पाणी तिथेच उतरतं आणि वरची टाकी भरून वाहिली की तेही तिथेच. जुलै-ऑगस्टमध्ये नुसता चिखल. मार्चनंतर तीच काळी माती अशी फाटते की भेगेत चप्पल अडकावी. जास्वंद कुजली, सोनटक्का उन्हाळ्यात गेला. कर्दळ सुचवू नका, गल्लीत प्रत्येकाकडे आहे.

अमेरिकेतल्या बागांचे व्हिडिओ बघत असते. तिकडे लोक लॉन काढून 'सेज' लावतात, कारेक्स नावाचं, आपल्या लव्हाळ्याच्याच कुळातलं. बारीक मऊ पाती, कापायची गरज नाही. त्याच कुळातलं, पण इथल्या मातीतलं असं काही लावता येईल का? नर्सरीत विचारलं तर अम्ब्रेला पामची कुंडी पुढे केली आणि देशीच आहे म्हणाले. मला काही पटलं नाही.

जमिनीत लावू की कुंडीत? मे महिना कसा काढायचा? आणि डासांचं काय? आमच्या गल्लीत डेंग्यू होऊन गेलाय, त्यामुळे सासूबाई पाण्याच्या कुंडीचं नाव काढू देत नाहीत.

कूलरमधला_राजा
बाप्पा! लव्हाळा *लावणार*? ताई, आमच्या लॉनमधून घेऊन जा ना, फुकट. वरून चहा पाजतो. चार पावसाळे झाले उपटून राहिलो. सकाळी उपटला की संध्याकाळी पुन्हा मान वर.

पाचोळा
अंगणवेल, तुमची शंका बरोबर आहे. अम्ब्रेला पाम हा पामही नाही आणि देशीही नाही. कूळ मात्र तुम्ही म्हणता तेच, सायपरेसी. मूळचा मादागास्कर आणि आफ्रिकेकडचा. दिसायला छान आणि चिवटही आहे, पण नाल्याकाठी पसरलेला बघितला आहे, म्हणून मी लावा म्हणणार नाही.

कारेक्सचं तिकडचं गणित वेगळं आहे. ज्या पेन्सिल्व्हेनिका जातीचे व्हिडिओ फिरतात ती उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडची, ओकच्या सावलीत वाढणारी. तिला थंडीचा लांब हंगाम मिळतो. आपल्याकडे कारेक्स हिमालयात भरपूर आहेत, सह्याद्रीच्या माथ्यावर काही. नागपूरच्या ४५-४६ अंशांत त्यांची हिरवळ करण्याचा नाद सोडा. कुणी बियांचं पाकीट विकत असेल तर पैसे वाचवा.

पण या कुळात जगभर साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत, आणि आपल्या धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं), बोड्या (छोटी तळी), तलावांचे काठ त्यांनी भरलेले आहेत. ओळखायला सोपं. देठ अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. गवताचा देठ गोल फिरतो, आतून बहुधा पोकळ असतो आणि मध्ये पेरं लागतात. यांचा देठ भरीव, पेराशिवाय सरळ, आणि बोटाला तीन धारा लागतात. पानंही तीन दिशांना निघतात, वरून बघितलं की लगेच कळतं. अपवाद आहेत. काहींचे देठ चक्क गोल असतात, त्यांच्याकडे येतोच.

आता तुमचा कोपरा. चार महिने चिखल आणि चार महिने भेगा, असं दोन्ही सोसणारं या कुळातलं बहुवर्षायू झाड मला एकच माहीत आहे, आणि ते म्हणजे राजाच्या लॉनमधला लव्हाळा. बाकीच्यांना हिरवं राहायला बारा महिने मुळाशी ओल लागते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जमिनीत यातलं काही लावू नका. जमिनीत वाळा लावा. तो पाण्यात उभा राहतो आणि भेगांतही टिकतो, मुळं खोल जातात. लव्हाळ्याच्या कुळातलं जे हवं ते बिनभोकाच्या कुंडीत.

अंगणवेल
काका, वाळा तर गवत झालं ना? मला त्याच कुळातलं हवंय. पण कोपऱ्याचं पटलं. मग कुंडीत काय लावू?

झाडीपट्टीचा
मी सांगतो. आमचं गाव साकोलीकडं. घरची धानाची शेती अन् बाजूला बोडी. बोडीच्या काठाले कसेरू राहते. पुरुषभर उंच, देठ तीनधारी, धार अशी की बोटावरून जोरात ओढला तर कापते. वर तपकिरी फुलोरा, त्याच्याखाली लांब लांब पानं बाहेर आलेली. खाली चिखलात दोऱ्यासारखे धावते अन् दोऱ्याच्या टोकाले गाठ. लहानपणी आम्ही त्या गाठी उकडून खाल्ल्या आहेत, शिंगाड्यासारखीच चव.

देखणं म्हणाल तर याच्यापुढं अम्ब्रेला पाम काहीच नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे झाड बांधीत घुसलं की माझा बाप शिव्या देते. रोवणीच्या आधी चिखलणी करताना गाठी वेचून धुऱ्यावर फेकाव्या लागतात, नाही तर धानाच्या आधी हेच वर. देशी आहे म्हणून गरीब आहे असं समजू नका.

पाचोळा
अगदी हेच. शास्त्रीय नाव ॲक्टिनोस्किर्पस ग्रॉसस, जुन्या पुस्तकांत स्किर्पस ग्रॉसस. आग्नेय आशियातल्या भातशेतीतही ते उपद्रवी तण मानतात. कुंडीत मात्र याच्यासारखं झाड नाही, फक्त कुंडीला भोक नको. दोरा भोकातून बाहेर पडला की पुढचं तुमच्या हातात राहत नाही.

आणि अंगणवेल, तुमचा कोपरा पुढे नालीला मिळतो का? मिळत असेल तर कुंडी जमिनीवर ठेवू नका. विटांवर उंच ठेवा, काठाच्या खाली दोन-तीन इंच जागा मोकळी सोडा, म्हणजे मुसळधार पावसात पाण्याबरोबर गाठी वाहून जाणार नाहीत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा काय काय कुठे पोचलं हे आपल्या शहराने पाहिलंय.

कूलरमधला_राजा
पाचोळा काका, बरोबर! आमच्या लॉनचा लव्हाळा त्याच पुरानंतर वाढला. अंगणात गाळ बसला होता, तो आम्ही 'मस्त काळी माती आहे' म्हणून लॉनवरच पसरवला.

याच्यावर उपाय सांगा ना कोणी. माळ्याने मागच्या महिन्यात छोटं रोटाव्हेटर फिरवलं, त्यानंतर तर दुप्पट आला.

पाचोळा
राजा, रोटाव्हेटरने दुप्पट येणारच. जमिनीखाली गाठींची माळ असते. एका गाठीतून बारीक दोरा, दोऱ्याला पुढची गाठ, असं चालतं. माळ अखंड असते तेव्हा टोकाचा कोंब वाढतो आणि मागच्या गाठी झोपलेल्या राहतात. माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. हाताने उपटतानाही तेच होतं: पानांचा झुबका हातात येतो, दोरा तुटतो, गाठ खालीच.

दोन गोष्टी चालतात. एक, ऊन. एप्रिल-मेमध्ये पाणी पूर्ण बंद करून तो भाग फुटभर खोल खणा, ढेकळं उलटी करा आणि तापू द्या. गाठ पूर्ण वाळली की मरते. शेतकरी उन्हाळी नांगरणी करतात त्यामागे हेही एक कारण. दुसरी, सावली. याला ऊन लागतंच, दाट सावलीत दमतो. लॉनचा हट्ट सोडून तिथे दाट झुडपं लावलीत तर दोन-तीन वर्षांत बराच हटेल. लॉनही हवं आणि लव्हाळाही नको, हे नागपुरात कठीण आहे.

तुळसमंजिरी
सगळे लव्हाळ्याला शिव्या देताय, दिवाळीत उटणं लावताना मात्र नागरमोथा, म्हणजे याच्याच गाठी, हव्या असतात! आमच्याकडे आजेसासूबाई घरचाच मोथा घालायच्या. मी ती पद्धत चालू ठेवली आहे.

रंगाची वीस लिटरची रिकामी बादली, भोक न पाडलेली. त्यात अर्धी रेती आणि अर्धी माती. रेती जास्त, कारण काळ्या मातीतून गाठी काढताना नखं जातात. जूनमध्ये पाच-सहा गाठी टाकायच्या, पाणी जेमतेम. थंडीत पानं पिवळी पडली की बादली उलटी करायची. गाठ शेंगदाण्याएवढी असते, वरून काळपट आणि केसाळ. नखाने फोडली की आत पांढरी, आणि वास येतो तो कापूर आणि ओल्या मातीच्या मधला. धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, गोणपाटावर घासली की केस निघतात. पुढच्या दिवाळीपर्यंत बरणीत राहते.

आयुर्वेदात मुस्ता म्हणतात ती हीच. तापात देतात त्या षडंगपानीयातल्या सहा द्रव्यांत ती आहे. पण औषध म्हणून पोटात घ्यायचं तर वैद्यांना विचारून, धागा वाचून नको.

बादलीतली उरलेली माती कंपोस्टात टाकायची नाही. मी फरशीवर पसरून मे महिन्याचं ऊन देते आणि पुन्हा त्याच बादलीत भरते.

सावजी_रस्सा
डासांच्या प्रश्नाला अजून कोणी हात लावला नाही. मी सासूबाईंच्या बाजूने.

गिट्टी_नळी
मी लावतो हात. सांडपाण्याच्या कामात आहे, त्यामुळे हा माझ्या रोजच्या पोटापाण्याचा विषय.

आपल्याच शहरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे. तिथल्या फायटोरिड पद्धतीत सांडपाणी झाडांच्या वाफ्यातून नेतात, पण वरून पाणी दिसतच नाही. वाफा गिट्टीने भरलेला असतो आणि पाणी गिट्टीच्या पृष्ठभागाखालून चालतं. झाडांच्या मुळांशी आणि दगडांवर वाढणारे जिवाणू घाण खातात. उघडं पाणी नाही, म्हणून डासही नाहीत आणि वासही नाही. घरच्या कुंडीत तेच करायचं.

सिमेंटची कुंडी घ्या, दोन-अडीच फूट रुंद, दीड फूट खोल. भोक सिमेंटने बुजवा. नवी कुंडी असेल तर दोन-तीनदा पाणी भरून, एक-दोन दिवस ठेवून ओतून द्या, चुना उतरतो. खाली फूटभर साधी काळी माती. कोकोपीट अजिबात नको, तरंगतं. ताजं शेण नको, पाणी हिरवं होतं. मूठ-दोन मुठी गांडूळखत मातीच्या तळाशी दाबलं तर पुरे. झाड लावून झालं की वर दोन-तीन इंच धुतलेली बारीक गिट्टी. पाणी गिट्टीच्या एक इंच खाली ठेवायचं. बोट खुपसलं की ओलं लागलं पाहिजे, डोळ्यांना पाणी दिसता कामा नये.

पावसाळ्यात पाणी गिट्टीच्या वर येईल. तेव्हा जुन्या प्लास्टिक मगाने उपसा, किंवा कुंडी भरण्याआधीच काठाच्या खाली, गिट्टीच्या पातळीला एक बारीक नळी बसवा, तोंडाला जाळी लावून. जाळीमुळे पाचोळा काकांची गाठींची काळजीही मिटते.

एक गोष्ट लोक विसरतात: डेंग्यूचा डास अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवतो. ती कोरडी होऊनही महिनोन्महिने टिकतात. म्हणून कुंडी, कूलरची टाकी, काहीही रिकामं केलं की भिंत ब्रशने घासायची. नुसतं पाणी ओतून कोरडा दिवस पाळला असं होत नाही.

सावजी_रस्सा
गप्पी मासे सोडले तर?

गिट्टी_नळी
मोठ्या हौदात सोडा. छोट्या कुंडीत मे महिन्यात पाणी इतकं तापतं की मासे राहत नाहीत. शिवाय वर गिट्टी असेल तर पोहणार कुठे?

अंगणवेल
हे सासूबाईंना वाचून दाखवलं. 'पाणी दिसलं तर मी कुंडी फोडेन' या अटीवर परवानगी मिळाली आहे 😄

आता पाण्याचं. आमच्याकडे आरओचं वाया जाणारं पाणी बरंच असतं, उन्हाळ्यात कूलरचंही. ते घातलं तर चालेल?

गिट्टी_नळी
आरओला नळाचं, म्हणजे पेंच धरणाचं पाणी असेल तर चालेल. बोअरचं असेल तर नको. कुंडीला भोक नाही, त्यामुळे क्षार बाहेर जायला वाटच नाही. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. कूलरच्या टाकीत आधीच तेच झालेलं असतं. कडेला पांढरी किनार दिसते ना, ती. ते पाणी वाळ्याला घाला, त्याचं तो बघून घेईल. कुंडीला वर्षातून एकदा, पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसात, भरभरून वाहू द्या, म्हणजे साचलेले क्षार धुतले जातील. तेवढे दिवस जाळीवर लक्ष ठेवा.

झाडीपट्टीचा
उन्हाळ्याचं मी सांगतो. बोडी आटली तरी कसेरू मरत नाही, वरचं वाळते अन् गाठी चिखलात जिवंत राहतात. पाऊस पडला की पुन्हा. पण तुमाले अंगणात हिरवं पाहिजे, म्हणून नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सांभाळावा लागन. पश्चिमेचं ऊन टाळा. कुंडी घराच्या पूर्वेकडच्या भिंतीशी ठेवा, नाही तर दुपारी ग्रीन नेट बांधा. मे महिन्यात रोज पाणी घाला, संध्याकाळी. अन् पाइप लावाल तर पहिलं पाणी बाजूले जाऊ द्या. दुपारभर उन्हात पडलेल्या पाइपातल्या पाण्यात चहा होते.

पानांची टोकं करपतातच. त्याच्यासाठी मे महिन्यात कात्री घेऊन बसू नका, जेवढी सावली स्वतःची तेवढी बरी.

पाचोळा
कापणीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. या झाडांच्या देठात आणि पानांत हवेच्या पोकळ्या असतात. चिखलात हवा नसते, म्हणून मुळांना श्वास वरून खाली पोचतो. देठ पाण्याच्या पातळीखाली कापला तर त्या नळीत पाणी शिरतं आणि मूळ गुदमरून कुजतं. म्हणून कापायचं ते नेहमी पाण्याच्या चार बोटं वर. वेळ म्हणाल तर जानेवारी अखेर ते फेब्रुवारी, जुनं पिवळं झालेलं तेवढंच.

दर दोन-तीन वर्षांनी कुंडी ठासून भरते, मधला भाग पोकळ होतो आणि नवे कोंब कडेला येतात. जूनच्या अखेरीस, पावसाने जोर धरला की, सगळा गड्डा काढा. कडेचे ताजे तुकडे कोंब आणि मुळांसकट वेगळे करा, पानं अर्धी छाटा आणि नव्या मातीत लावा. मधलं टाकून द्या. 'टाकून द्या' म्हणजे उन्हात वाळवून, नालीत नाही.

गॅलरीतली_गौराई
मी मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर. पुरुषभर उंचीचं काही मला झेपणार नाही. चार तास ऊन येतं. या कुळात लहानसं काही?

पाचोळा
एलिओकॅरिस डल्सिस. मगाशी म्हटलं ना, काहींचे देठ गोल असतात, ते हे. पानं जवळजवळ नाहीतच, नुसते हिरव्या नळ्यांसारखे देठ, दोन-तीन फूट, टोकाला बोटाच्या पेराएवढं कणीस. देठात आडवे पडदे असतात. चिमटीत धरून नख वरून खाली ओढलंत तर पडदे एकेक करून फुटताना हाताला कळतात. माझे विद्यार्थी वर्गात हे करत बसायचे आणि शिकवणं राहून जायचं. चायनीज जेवणात वॉटर चेस्टनट म्हणून जे पांढरे कुरकुरीत काप येतात ते याच जातीच्या लागवडीतल्या मोठ्या गाठींचे. आपल्याकडच्या रानटी झाडाच्या गाठी लहान असतात. शिंगाडा पूर्णपणे वेगळा, त्याचं कूळच दुसरं.

फूटभर खोल टब पुरे. तुमचं चार तासांचं ऊन तसं कमीच, नळ्या जरा लवतील. पण टब कठड्याजवळ ठेवलात तर चालून जाईल.

गॅलरीतली_गौराई
आणि पक्षी येतात का यावर? आमच्याकडे नुसती कबुतरं.

झाडीपट्टीचा
कसेरूचं बी धरलं की मुनिया येतात, आमच्या बोडीवर थवेच्या थवे. तिसऱ्या मजल्यावर येतील की नाही ते मुनियालेच विचारा. गाठी मात्र घुशीले लय आवडतात. अंगणातली कुंडी असल तर वर गिट्टी ठेवाच.

अंगणवेल
कसेरूच्या गाठी आमच्या कुंडीतल्या खायला चालतील?

गिट्टी_नळी
छपराचं पाणी, आरओचं पाणी, वरून गल्लीतली धूळ. मी खाणार नाही. असली झाडं मातीतले जड धातू मुळांत आणि गाठींत साठवतात, आम्ही त्यांना सांडपाण्याला लावतो त्यामागे हेही एक कारण.

तुळसमंजिरी
आणि तलावातल्या असल्या तरी कच्च्या नकोत. पाण्यातल्या कंदांवरून पोटात जंत जातात. सोलून, उकडूनच.

अंगणवेल
ठरलं मग. कोपऱ्यात वाळा, भिंतीशी विटांवर कसेरूची कुंडी. आता शेवटचं: रोप कुठून आणू? फुटाळ्याच्या काठावरून घेतलं तर?

पाचोळा
तलावावरून नको. सार्वजनिक जागा आहे, आणि गोरेवाड्याच्या राखीव जंगलाकडे तर मुळीच जाऊ नका. शिवाय शहरातल्या तलावाच्या चिखलासोबत जलपर्णीची पिल्लं आणि गोगलगायींची अंडी फुकट येतात. धानाच्या बांधीवरून घ्या, शेतकऱ्याला विचारून. निंदणाच्या दिवसांत तो तुम्हाला आशीर्वादच देईल.

कुठूनही आणलं तरी लावण्याआधी मुळं बादलीत दोनदा खळबळून धुवा आणि ते पाणी नालीत न ओतता रस्त्याच्या कडेला, उन्हात टाका.

झाडीपट्टीचा
ताई, कायले फिरता. मी पोळ्याले गावी जाऊन राहिलो, येताना घेऊन येतो. माझा बाप तर गाडीभर द्यायला तयार होईल. किती पाहिजे ते लिहा.

गॅलरीतली_गौराई
दादा, बोडीत ते नळीसारखं दिसलं तर माझ्यासाठी पण!

कूलरमधला_राजा
अन् जाताना माझा लव्हाळा घेऊन जा, तुमच्या बोडीत सोडा.

झाडीपट्टीचा
राजाभाऊ, बाप मारन मले.

ताई, कसेरूचे दोन गड्डे आणतो, एका कुंडीले तेवढे लय झाले. गौराईताई, नळीवालं दिसलं तर आणतो, नक्की सांगत नाही. सीताबर्डीले कुठं भेटायचं ते मेसेज करा. येताना झाकणाची बादली आणा, पिशवी नको. मागच्या वेळी एकाले पिशवीत दिलं तर बसमध्ये कंडक्टरच्या पायावर चिखल सांडला होता.